पुंजाजीच्या ओट्यावरची अंबाडी

केनवडात पुंजाजीच्या ओट्यावर कुणी दुसऱ्यांदा बसायला येत नसे. पहिल्यांदा येणाऱ्याला काय ठाऊक? तो बिचारा राम राम म्हणून टेकायचा, की पुंजाजी त्याच्या हातात अंबाडीच्या वाखाचा झुपका कोंबायचा. "बोलता बोलता दोर वळा. तोंडाले काम हाय, मंग हाताले काहून नाही?" पाणी मागायला आलेला वाटसरू हातभर दोर वळायचा आणि तहान विसरून पळायचा.

हे वेड घराण्याचं. पुंजाजीचा आजा म्हणे वखर हाकता हाकता गेला आणि बैल वावरातली ती ओळ पुरी करूनच थांबले. बाप मरणाच्या खाटेवर तुरी निवडत होता. या घरात मरायलाही फुरसत काढावी लागे! आणि पुंजाजी हे अशा थाटात सांगे, की ऐकणाऱ्याला आपण जिवंत असल्याची लाज वाटावी. सन छप्पनात अख्खा वऱ्हाड प्रांत एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला. पुंजाजीला ते हातातला दोर संपल्यावर कळलं.

त्याची बायको तुळसाबाई. ती लग्न होऊन आली तेव्हा अंगावरची हळद निघायच्या आत सासूनं तिच्यापुढे सूप सरकवलं होतं. तेव्हापासून ती बसली ती काहीतरी निवडायला, नाहीतर दळायला. तिच्या मनात एकच होतं. तिची एकुलती लेक रुख्मिणी अशा घरी पडावी, जिथं बाई दुपारची नुसती भिंतीला टेकून बसते. म्हणून कामरगावच्या दौलतरावांच्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. किराण्याचं दुकान, धान्य निवडायला लावलेल्या बाया, आणि घरच्या बायका म्हणे दुपारी झोपतात. झोपतात! तुळसाबाईनं हे शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

पाहुणे येणार त्या दिवशी तिनं सगळी अंबाडी न्हाणीत लपवली आणि नवऱ्याला पोरीची शपथ घातली. "आजच्या दिवस हात मांडीवर ठेवा. पाव्हन्याले कामाले लावलं तं माह्याशी गाठ हाय."

पुंजाजी बसला, देवळातल्या नंदीसारखा. पण हातांना कोण शपथ घालणार? बोटं आधी नुसतीच वळवळली, मग थरथरू लागली. धोतराच्या सोग्याला पीळ पडला. दौलतराव पोहे खाता खाता थांबले.

"काहो, झटके येतात का याहीले? घराण्यात काही दुखनं?"

तेवढ्यात मान खाली घालून उभी असलेली रुख्मिणी आत गेली, न्हाणीतून झुपका आणला आणि बापाच्या हातात ठेवला. हात निवांत झाले. एवढ्यावर थांबेल तर ती पुंजाजीची लेक कसली? दौलतरावांच्या पिशवीची शिवण उसवलेली तिला दिसली. तिनं पदराला खोचलेली सुई काढली आणि होणाऱ्या सासऱ्यासमोरच बसून पिशवी शिवायला घेतली.

दौलतरावांचे डोळे चमकले. "ठरलं समजा, इहीनबाई! अशी पोरगी आली तं निवडायच्या बायांची सुट्टीच करून टाकतो. आमच्या घरच्या बाया लय आळशी. त्याहीचं कामबी हे पोरगीच पाहीन."

"आमचं रक्तच तसं!" पुंजाजी फुलून म्हणाला.

तुळसाबाई पुढं सरसावली. डोक्यावरचा पदर सावरायचंही तिला भान राहिलं नाही. "मले पोरगी द्याची हाय, गडी नाही. या तुमी."

पाहुणे तणतणत उठले आणि शिवलेली पिशवी तेवढी न विसरता घेऊन गेले.

"सोन्यासारखं स्थळ लाथाडलं! काहून?" पुंजाजी ओरडला, पण दोर वळायचा काही थांबला नाही. तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. रुख्मिणी पोह्यांच्या ताटल्या उचलायला वाकली होती. आईनं तिचं मनगट धरलं.

"ठेव ते. बस माह्याजवळ."

रुख्मिणी बसली. तिनं आईकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे.

"बसली, माय," ती म्हणाली. "आता काय करू?"

तुळसाबाईनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की हे तिलाही माहीत नाही.