कादंबरीचं पारायण

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. वाचायचं तर तोंडानं, आणि तेही चालीवर. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर डोळ्यांखालून गेलं ते दोनच प्रकारचं वाङ्मय : श्रावणातली पोथी आणि कपाशीच्या बियाण्याचं पाकीट. पाकिटाला चाल लागत नाही, म्हणून ते मी अर्धवटच वाचायचो.

शांता, माझी बायको, सातवी शिकलेली. वाचनालयातून कादंबऱ्या आणायची आणि मी जेवायला बसलो की भाकर वाढता वाढता गोष्ट सांगायची. मी हूं म्हणायचो. शेवटची गोष्ट सुमन नावाच्या बाईची होती. सुमनचा नवरा घर सोडून गेलेला, आणि ही त्याला गावोगाव शोधत फिरते. एका बस स्टँडवर तिला एक माणूस दिसतो. पाठमोरा. तोच सदरा, तीच चाल! सुमन हाक मारते... आणि शांता म्हणाली, "राह्यलेलं उद्या. वरन करपून राह्यलं तिकडं."

तो उद्या आलाच नाही. त्याच रात्री झोपेतच शांता गेली.

मी रडलो, उगीच खोटं कशाला सांगू? पण रडता रडता डोक्यात एकच किडा वळवळायचा : तो नवराच होता की भलताच कोणी?

सून म्हणाली, "आबा, पुस्तक फळीवरच आहे. मी शेवट वाचून सांगू काय?"

"काही गरज नाई. मी वाचतो. पयल्या पानापासून, पुरं!"

"तुमी? आबा, तुमी लग्नपत्रिका वाचता वाचता घोरता!"

झालं! मी तिथंच स्वतःशी पैज मारली : दिवाळीच्या आत अख्खं पुस्तक वाचायचं, तेही हौसेनं.

पोळा झाल्यावर एका दुपारी आंघोळ करून ओट्यावर बसलो. (कादंबरीला आंघोळ लागत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) चष्मा लावला, तोंड उघडलं, आणि आवाज आपोआप पोथीच्या चालीवर गेला : "सुमननं पेटी उचलली होऽऽ... आन् दरवाजा लोटला होऽऽ..."

समोरच्या गंगूबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या, हात जोडून बसल्या. "पोथी लावली काय भाऊ? शांतासाठी?"

"नाई, हे..." म्हणेपर्यंत त्यांनी अगरबत्ती लावली! आता अगरबत्ती लागल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी ओटा बायांनी भरला. तिसऱ्या दिवशी नारळ आले. एकीनं पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं. सुमननं लॉजवाल्याच्या कानाखाली वाजवली, तिथं तर दोघींनी जयजयकार केला! गावाला कळलं तर ह्या वयात जोडे खावे लागतील, आणि पुस्तक हिसकून घेतलं तर शेवट राहूनच जाईल.

शेजारच्या रशीदभाई टेलरनं एकदा मशीन थांबवून विचारलंच, "नामदेवभाऊ, पोथीत ये यष्टीचा डेपो कुठून आला?"

मी नुसतं पान उलटलं. पण गंगूबाई गरजल्या, "देव कुठीबी जाते! तुमी काज करा!"

एक मात्र खरं. त्या दिवसांत मी चकित होऊन गेलो होतो. कागदावर मुंगळ्यांसारखी काळी अक्षरं, आणि त्यातून एक बाई उठते, चालायला लागते! तिला तहान लागली की माझा घसा सुकायचा. मी तांब्या तोंडाला लावला की अख्खा ओटा पाणी मागायचा. हाताला लागत नाही, वास येत नाही, आणि तरी आहे! शांता हे रोज बघत होती. आणि मी? हूं!

तेवढ्यात कपाशीवर बोंडअळी आली. पाकिटावर म्हणे लिहिलेलं होतं, ह्या बियाण्याला अळी लागत नाही. अळीला वाचता येत नाही, घोटाळा तिथंच झाला! फवारण्या झाल्या, डोळ्यांची आग झाली, अळी जागच्या जागी. एके सकाळी शेतशेजारी सुखदेव आला.

"भाऊ, आज माह्या वावरात वाचा. कांता म्हनते, तुमच्या वाणीनं अळी जाईन."

"अरे, वाणीनं कुठं अळी जाते बे!"

"औषधानं तरी कुठं गेली?"

मग काय, सुखदेवची बायको कांता आणि वेचणीच्या बाया समोर, आणि मी बांधावर उभा राहून सुमनचं आणि खानावळवाल्याचं भांडण बोंडअळीला चालीवर वाचून दाखवलं! एका किडक्या बोंडातून गुलाबी मुंडकं बाहेर आलं. मी आणखी जोरात वाचलं. ते आत गेलं. बाया म्हणाल्या, "पाहा, भ्याली!"

दिवाळीच्या तोंडावर गावानं परस्पर ठरवलं : समाप्तीला भंडारा! वरण-बट्टी, वांग्याची भाजी. सगळं गाव ओट्यासमोर बसलं, आणि मी शेवटचं पान उघडलं.

सुमननं हाक मारली. माणूस वळला. माझी चाल तिथंच तुटली. पुढचं मी साध्या आवाजात वाचलं. तो नवरा नव्हता. सुमननं त्याला फक्त पुढच्या गाडीची वेळ विचारली. मग बाकड्यावर बसून भाकर सोडली, सावकाश खाल्ली, आणि गाडी आली तशी चढली.

"मंग?" गंगूबाई म्हणाल्या.

"संपलं."

"आन् नवरा?"

"पुस्तकात नाई."

गंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि भडकल्या, "येवढ्यासाठी शांतानं आमाले लटकवून ठेवलं व माय!"

"शांतानं?"

"निंदताना सांगत होती ना! बस स्टँडपर्यंत आनलं आन् म्हने, राह्यलेलं उद्या. पाठमोरा मानूस सपनात येऊन राह्यला होता माह्या!"

"मंजे... हे पोथी नाई, हे तुमाले..."

"पयल्याच दिवशी समजलं. सुमन म्हनलं तवाच!"

"मंग अगरबत्ती कायले लावली?"

कांता मागून म्हणाली, "गोष्ट ऐकाले जातो म्हनलं असतं, तं कोनत्या सासूनं दारातून जाऊ देल्लं असतं? पोथीले कोनी अडवत नाई. मले वेचणी सोडून येता येत नव्हतं, म्हनून तुमालेच वावरात बलावलं."

मी सुखदेवकडे पाहिलं. त्याच्या तोंडात बट्टी होती. "मलेबी माहीत होतं भाऊ," तो बट्टीतूनच म्हणाला. "म्हटलं, अळी तं जातच नाई, बाया तरी खूश होतीन."

रशीदभाई नुसते हसत होते.

म्हणजे गाव पोथी नाही, जाणूनबुजून गोष्टच ऐकत होतं, हे अख्ख्या शिवारात दोघांनाच कळलं नव्हतं : एक ती बोंडअळी आणि दुसरा मी. त्यात अळी बिचारी अडाणी. पुस्तक तर माझ्या हातात होतं!