माघारी आलेली मनिऑर्डर

त्या दिवशी ओट्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते. माझी सासू, तिला आम्ही आत्या म्हणायचो. मोठी जाऊ, ती अक्का. शेजारचे आबा, आमच्या गल्लीत वाचता येणारे तेवढे एकच. पोष्टाचा माणूस. आणि मी, कडेवर आठ महिन्यांची पोरगी घेऊन. सासरे आधीच वारले होते. मोठे दीर सुरतेला गिरणीत होते.

माझा नवरा धुळ्याच्या तुरुंगात होता. केळीच्या पाण्यावरून बांधावर भांडण झालं, समोरच्याचा हात मोडला, आणि ह्यांना दीड वर्षाची सजा झाली. कोर्टात आम्ही बाया गेलोच नव्हतो. पुढं गावातला एक जण त्याच तुरुंगातून सुटून आला. तो सांगून गेला की आत तेला-साबणाला पैसा लागतो, बाहेरून कोणी पाठवलं तर माणूस तग धरतो, नाही तर खंगतो. मग आत्यानं कापूस वेचणीचे पाच रुपये काढले. आबांनी फारम लिहिला, नाव आत्यानं सांगितलं. मी तेव्हा आत चुलीपाशी होते.

तेच पाच रुपये पोष्टाच्या माणसानं आता ओट्यावर ठेवले.

"माघारी आली," तो म्हणाला.

आबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं, "या नावाचा कैदी येथे नाही."

"नही म्हंजे?" अक्का म्हणाली. "पळाला का काय?"

"पळाला असता तं पोलीस आधी तुह्याच घरी आले असते," आबा म्हणाले.

पोष्टाच्या माणसानं आत्याचा अंगठा घेतला आणि तो निघून गेला. आत्या माझ्या हातांकडे बघत बसली. मी पदर ओढून बांगड्या झाकल्या.

दोन दिवस असे गेले की सकाळी कुंकवाला बोट लावलं की हात थांबायचा. लावावं का नाही. लावलं आणि ते नसले तर? नाही लावलं आणि ते असले तर? शेजारच्या बाया ताक मागायला यायच्या आणि आधी माझ्या कपाळाकडे बघायच्या. मी रडले नाही. रडले असते तर तेच खरं झालं असतं, असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "चाल. आपुन जाऊन पाहू. इथी बसून ही म्हातारी तुह्या बांगड्याच पाहू राहिली."

आमच्या गावाहून, नशिराबादेहून, जळगावपर्यंत बैलगाडीनं गेलो, तिथून धुळ्याची एस.टी. धरली. दोघी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालो होतो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा अक्कानं भाकरी सोडली. माझी मी तशीच फडक्यात बांधून ठेवली. पोरगी रडली की मला वाटायचं, हिला कळलंय.

तुरुंगाच्या दरवाजाशी शिपायानं विचारलं, "कोणाकडे?"

नवऱ्याचं नाव मी घेणार नव्हते. अक्का मोठी भावजय, तिनं घेतलं. आम्हाला आत एका कारकुनापुढं नेलं. त्यानं जाड वही उघडली, बोट फिरवत गेला.

"या नावाचा कोणी नाही."

मी खालीच बसले. म्हटलं, "साहेब, गेले असतील तं त्यांचं धोतर-सदरा तरी द्या. घरी न्यायचं शे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, मेला तरी वहीत राहतो. हा वहीतच नाही. गाव कोणतं?"

अक्कानं गाव सांगितलं. त्यानं पानं उलटली. "तुमच्या गावचा एक आहे. पण नाव वेगळं. बापाचं नाव काय?"

सासऱ्याचं नाव आम्ही दोघीही घेत नव्हतो.

"अहो, सांगा ना."

"तुम्हीच वाचा साहेब," अक्का म्हणाली. "आम्ही मान हालवू."

त्यानं वाचलं. आम्ही मान हलवली.

"कैद्याची नावं दोन, आणि बापाचं एक, तर ते तुम्हाला घेता येत नाही," तो म्हणाला. "अंगावर काही खूण?"

मी म्हटलं, "नाकात भोक शे. उजव्या बाजूला. लहानपणी टोचलं व्हतं, जगावा म्हणून."

त्यानं वहीवर बोट टेकवलं. "उजवी नाकपुडी टोचलेली. आहे. जिवंत आहे तुमचा माणूस."

भेटीचा दिवस नव्हता, भेट झाली नाही. पाच रुपये तिथंच भरले, पावती घेतली. कारकुनानं वहीतलं नाव दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवलं. ज्या माणसाच्या घरात मी तीन वर्षं नांदत होते त्याचं ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

घरी आल्यावर अक्कानं आत्यासमोर ते नाव घेतलं. आत्या म्हणाली, "मले ठाऊक शे. साळंत मास्तरनं लिव्हलं व्हतं."

"मंग सांगितलं कामून नही?"

"मोठ्याच्या पाठच्या, याच्या आधीच्या तीन पोराईचं नाव बारशाले मोठ्यानं घेतलं. तिन्ही गेले. याले उकिरड्यावर लोळवून तिथलंच नाव ठेवलं, तं हा राहिला. ते खरं नाव मी तुरुंगाच्या कागदावर कशी चढवू?"

अक्का तिला खूप बोलली. मी काही बोलले नाही. माझ्या मांडीवरही पोर होतं.

ते सुटून आल्यावर मी विचारलं, पोलिसांना दुसरं नाव का सांगितलं. म्हणाले, "साहेबापुढं उकिरड्याचं नाव सांगू का?" आत्याला भीती होती, ह्यांना लाज होती, आणि मधे मी दोन दिवस विधवा होते.

हे जो कोणी वाचेल त्याला एवढंच सांगणं. तुमच्या घरच्या माणसाचं कागदावरचं नाव घरातल्या बायांना सांगून ठेवा. त्यांनी ते तोंडानं घेतलं नाही तरी चालेल, ठाऊक असू द्या.