मारबतीच्या दिवशी देवाजीभाऊ हळू बोलले

देवाजीभाऊंचा आवाज फार मोठा होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात एका गावी मी सेवा सहकारी संस्थेचा सचिव होतो आणि त्यांच्याच घरातली पडवीची खोली मी भाड्याने घेतली होती, म्हणून खात्रीने सांगतो. पहाटे ते बैलांना हाक मारत, तेव्हा बैलांच्या आधी मी उठून बसे. शेतात शिदोरी हवी असली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून सुनेला ओरडून सांगत. सून कमला म्हणे, "मामाजी, तुमच्या हाकेनं शेजारचे बी जेवाले बसले."

हा आवाज गावाच्या कामी येई तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला. पोळ्याला दारोदारी पळसाच्या डहाळ्या उभ्या करतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या उचलायच्या आणि गावातली सारी पीडा त्यांच्यासोबत शिवेबाहेर फेकून यायची. पुढे देवाजीभाऊ ओरडत, "खोकला-खासी घेऊन जा गे..." आणि मागून गाव म्हणे, "मारबत!" मग माशा, मग मोंगसे म्हणजे डास, मग खरूज. एकेक नाव घेऊन सगळ्यांना बाहेर काढायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात तापाने दोन मुले दगावली. पाठोपाठ देवाजीभाऊंच्या नातीला, आठ वर्षांच्या चंदाला, ताप चढला आणि झटके येऊ लागले. तिचे आईबाप, खुशाल आणि कमला, तिला चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. विषाणूचा रोग, त्यातून पुष्कळ मुले वाचत नाहीत. चंदा वाचली, पण उजवा हात लुळा पडला, बोलणे गेले, आणि जरा मोठा आवाज झाला की तिचे अंग ताठ होई. डॉक्टर म्हणाले, इथले काम झाले, आता उरलेला उपचार घरीच. हात रोज चोळायचा, चमच्याने भरवायचे, मच्छरदाणीत निजवायचे आणि आवाजापासून जपायचे.

तिला घरी आणण्याचा दिवस नेमका मारबतीचा निघाला. सकाळी देवाजीभाऊंनी नेहमीसारखी मारबत काढली आणि तसेच येऊन गाडी जुंपली. संस्थेला सुट्टी होती, मीही बसलो. फाट्यावर एस.टी.तून खुशाल उतरला, मागून कमला चंदाला घेऊन. परत येताना शिवेवर पाहतो तर पळसाच्या डहाळ्यांचा ढीग वाटेत पडलेला आणि ढिगाच्या पलीकडे माणसे उभी. पुढे पोलीस पाटील गुणवंतराव. त्यांच्या बाजूला सुगंधाबाई. देवाजीभाऊंचे आणि तिचे घर एकाच भिंतीचे.

"भाऊ, गाडी इथीच थांबवा," गुणवंतराव म्हणाले. "सकाळी ज्या वाटेनं रोग बाहेर टाकला, त्याच वाटेनं तुम्ही थो परत आनून राह्यले."

"माहा नातू तुमच्या भिताडापलीकडं झोपते," सुगंधाबाई म्हणाली. "त्याले काई झालं तं मी कोनाले सांगू? वावरातल्या झोपडीत ठेवा न महिनाभर. तिथी कोनी नाई म्हनत नाई."

देवाजीभाऊंनी मागे वळून नातीकडे पाहिले आणि ते काहीतरी बोलले. पलीकडे कोणाला ऐकू गेले नाही.

"काय म्हनता? मोठ्यानं बोला न जी," गुणवंतराव म्हणाले.

"सकाळी सारा आवाज मारबतीले देऊन टाकला काय?" मागून एकजण म्हणाला, आणि चारजण हसले.

त्या हसण्याने चंदा दचकली. डाव्या हाताची मूठ आवळली, मान मागे गेली. कमलाने तिचे कान दाबून तिला छातीशी धरले. खुशालने लोकांकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. देवाजीभाऊंनी तेच वाक्य तितक्याच हळू पुन्हा म्हटले. मग गुणवंतराव ढीग ओलांडून अलीकडे आले. आले ते ऐकायला. त्यांच्यामागे सुगंधाबाई आली, मग आणखी काहीजण. गाडीपासून हातभर अंतरावर सगळे मान पुढे करून उभे राहिले.

"हा रोग मानसापासून मानसाले होत नाई," देवाजीभाऊ म्हणत होते. "डॉक्टरनं सांगतलं, मोंगसा चावला तं होते. वावरात ठेवा म्हनता, तं धानाच्या बांध्यात पानी भरून हाय, तिथी मोंगसेच मोंगसे. तिथी मी इले कशी निजवू?"

"डॉक्टरचं काय जाते सांगाले?" सुगंधाबाई म्हणाली, पण तीही आता हळूच बोलत होती. "त्याले कुठी इथी राहाचं हाय?"

"मले राहाचं हाय न, बाई. तुमच्याच भिताडाले लागून." मग ते म्हणाले, "मोंगसे तं सकाळी आपन सर्व्यायनं मिळून बाहेर काढले. मी नाव घेतलं, तुम्ही मारबत म्हनलं. माह्या चंदाचं नाव त्यात कोनी घेतलं नवतं जी."

गुणवंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "पोरीले बोरिंगच्या पान्यावर आनू नका महिनाभर. लेकरांत खेळाले सोडू नका." देवाजीभाऊंनी मान डोलावली. सुगंधाबाई चंदाकडे पाहत होती. पोरीच्या ओठावर माशी बसली होती; उजवा हात लुळा, डावा आईच्या मिठीत, तिला ती हाकलता येत नव्हती. सुगंधाबाईने पदराने माशी उडवली.

"गाडी हाना," ती म्हणाली. "पोट्टी उनात हाय."

लोकांची भीती तेवढ्याने गेली नाही. त्या आठवड्यात देवाजीभाऊंच्या अंगणात कोणी पाय ठेवला नाही, आणि सुगंधाबाईनेही नातवाचे अंथरूण पलीकडच्या खोलीत हलवले. देवाजीभाऊ घरात कुजबुजल्यासारखे बोलत. बैलांना हाक मारायची सोय उरली नाही, म्हणून गोठ्यात जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून उठवत. दोन्ही वेळा चंदाचा हात चोळत आणि चोळताना तिला बैलांच्या गोष्टी सांगत.

मग एका सकाळी सुगंधाबाई गंजात, म्हणजे पातेल्यात, पेज घेऊन आली. गंज ओट्यावर ठेवून दूर उभी राहिली. कमला चमच्याने भरवू लागली, तर निम्मी पेज चंदाच्या हनुवटीवरून ओघळू लागली. सुगंधाबाईने थोडा वेळ पाहिले.

"असं नाई वो. डोस्कं वर धर तिचं," ती म्हणाली, आणि येऊन बसली. चंदाचे डोके स्वतःच्या मांडीवर घेतले आणि चमचा कमलाच्या हातातून काढून घेतला. पेज संपायला बराच वेळ लागला.

कमला गंज राखेने घासायला निघाली, तेव्हा सुगंधाबाईने तो मागून घेतला. "राहू दे, घरी घासतो मी." उष्टा गंज काखेत धरून ती निघाली. दारात देवाजीभाऊ उभे होते, त्यांना म्हणाली, "उद्या तेल कोमट करून ठेवा, भाऊ. तुमचा हात लय जड हाय. मी चोळून देईन."