दादाच्या नावाची सर्पगंधा

बावीस वर्षं मी शहापूरच्या शाळेत सर्पगंधा शिकवली, पण ती बरणीतली. बोटभर लांबीचं, काळपट, वाकडं मूळ वर धरायचं आणि म्हणायचं, "हे मन शांत करतं, झोप आणतं, रक्तदाब उतरवतं. लिहून घ्या." जितं झाड मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडच्या एसटीत चढले तेव्हा, खरं सांगते, सहलीच्या पोरींसारखी आधी खिडकी पकडली.

अर्थात निघाले होते ते हौसेसाठी नाही. उन्हाळ्यात वहिनी गेली आणि माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याकडे राहायला आला. तेव्हापासून तो झोपला म्हणून नव्हता. रात्री खुर्चीत, दिवसाही खुर्चीत, फाटकाबाहेर पाऊल नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, एक रक्तदाबाची, एक झोपेची. एवढ्या महिन्यांत त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "तुझं ते बरणीतलं मूळ खरंच चालतं का गं? बघ मिळालं तर." दादाने काहीतरी मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.

मुरबाडला गाडी बदलून धसईला उतरले. बाजार भरात होता. काकड्यांचे ढीग, चवळीच्या शेंगा, नव्या तांदळाचा वास. चहाच्या टपरीवर सर्पगंधा विचारली तर टपरीवाला म्हणाला, "म्हंजे अडकई पायजे? मंग बुधीबायकडं जा, डोंगराखालच्या वाडीवर. पन आजच्या आज मिलनार नाय हां."

"का?"

"झाडाला आदल्या दिशी सांगाय लागतं ना, उद्या येतो म्हनून."

मी हरखलेच. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्या उत्साहात शेतांच्या बांधावरून अशी ताडताड चालले की पाय घसरून थेट पिकल्या भातात बसकण मारली. चपलेचा अंगठा तुटला. कापणी करणारी एक सडपातळ म्हातारी विळा बाजूला ठेवून आली, मला हात दिला आणि म्हणाली, "काय गो, आमचा भात झोपवलास." तीच बुधीबाई.

तिने मला ओट्यावर बसवून नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची (बारीक सुकी कोळंबी) चटणी वाढली. जेवताना मी शाळेतली बरणी आणि दादाची उडालेली झोप सांगितली. जेवण झाल्यावर कनवटीच्या पुरचुंडीतून मुळाचा कपचा काढून माझ्या जिभेवर ठेवला. अगं आई गं. इतकं कडू की पुढे घेतलेला चहाही कडू लागला. बुधीबाई हसत होती.

"लय वर्सं शिकवलंस ना? आता चव पन कलली."

मग ती गंभीर झाली. "ह्ये मूल चिमटीभर दिला तर डोका निवतो. वाढला तर नाक चोंदतं, मानूस उठला की गरगरतो, आनि उगा रडत बसतो. म्हनून डॉक्टरची गोली चालू असंल त्याला मी देत नाय. दोन बैल येकाच बाजूला खेचतील, गाडी उलटंल. तुजा भाऊ खातो का गोली?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं होतं ते. पण समोर दादाची खुर्ची दिसत होती, मी काय करू?

उन्हं कलल्यावर आम्ही टेकाडावर चढलो. सागाच्या झाडांखाली, ओलसर सावलीत, बुधीबाईने बोट दाखवलं आणि मी तिथेच उकिडवी बसले. गुडघ्याएवढं झाड, तीन-तीन पानांचे तजेलदार फेर, पांढऱ्या फुलांना लालचुटूक देठ, आणि जोडीजोडीने टेकलेली काळीभोर फळं. बरणीतल्या त्या काळ्या तुकड्याचं हे रूप होतं. माझे डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात.

"आदी लय होती," बुधीबाई म्हणाली. "व्यापारी गोनीनी घेऊन गेले. या अंगाला आता येवडीच." तिने मुळाशी तांदळाचे दाणे आणि सुपारी ठेवली. "घे, भावाचा नाव घे."

मी दादाचं नाव घेतलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. उद्या सकाळी न्यायला येते म्हणून सांगितलं. रात्री बुधीबाईच्याच ओट्यावर झोपले.

सकाळी दवात भिजत पुन्हा गेलो. बुधीबाईने खुरप्याने माती सैल केली, पिवळसर मूळ दिसायला लागलं. तिथे ती थांबली. "आता त्याचा दुखना सांग. काय खातो, काय पितो, समदा. झाडाला ठाऊक पायजे कुनाच्या पोटात जायचा हाय."

मी वहिनीचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं. मग गोळ्यांची पाळी आली. त्या झाडासमोर खोटं बोलणं मला जमेना, आणि जमलं असतं तर भोगणार होता दादा.

"दोन गोळ्या खातो," मी म्हटलं. "काल मी खोटं बोलले."

मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. पण तिने फक्त मूळ झाकलं आणि माती हाताने थोपटून बसवली. मी रडायलाच लागले. "निदान दुसऱ्या कुणाला तरी द्या हे."

"कसा देऊ? नाव घेतलंस ना. आता तुजा भाऊ जिता हाय तवर ह्या त्याचा झाड. वाडीतला कोन हात लावनार नाय." आणि चिडवत म्हणाली, "मास्तरीनबाय, तुज्या खोट्यानी वाचला गो ता झाड."

येताना पिशवीत तिने दिलेल्या चार काकड्या होत्या, आणि पायात सुतळीने बांधलेली चप्पल. शहापूर येईपर्यंत मी दादाला काय सांगायचं ते दहा वेळा जुळवलं आणि मोडलं.

दादा खुर्चीतच होता. "मिळालं?"

मी सगळं सांगितलं. माझं खोटंसुद्धा.

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "पूर्ण नाव घेतलंस माझं?"

"हो."

"केवढं आहे?"

मी गुडघ्यापाशी हात धरला.

"तिकडे गुरं चरतात?"

"चरतात की."

"आणि कुंपण नाही?"

दादा उठला. खुर्चीखाली वाकून त्याने चपला ओढून काढल्या आणि त्यांच्यावरची सहा महिन्यांची धूळ टॉवेलने पुसायला लागला.

"मुरबाडची पहिली गाडी किती वाजता असते गं?"

"सहाची."

"मग पाचला उठव मला," दादा म्हणाला.