लाटेत गेलेली कवळी

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि ते बरोबरच होतं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती, तिथे बसून तो लोकांचे दात करायचा. खिडकीशी टेबल, टेबलावर गॅसची बारीक ज्योत, मेण कोरायची सुरी आणि मागच्या फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्लास्टरची भुकटी केसांत अशी बसायची, की पंचविशीतच तो पन्नाशीचा दिसायचा. डॉक्टर माप घेऊन साचा आत पाठवत, हा कवळी करून बाहेर पाठवे. मधलं दार कायम बंद. ज्यांच्यासाठी दात केले, त्यांतला एकही चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "आपला संबंध हिरड्यांशी."

त्याचा शाळेपासूनचा दोस्त म्हणजे पाववाला. बेकरीची गाडी चालवायचा. आवाज असा, की त्याला भोंगा लागत नसे. एकदा दाढ दुखते म्हणून तो दवाखान्यात येऊन बसला. तिथे एका फाटक्या मासिकात त्याला लाटेवर फळी टाकून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो दिसला आणि तो दाढ विसरला. मधलं दार ढकलून थेट आतल्या खोलीत.

"हे बघ. आपण हे करायचं."

"तुझी दाढ?"

"दाढ गेली खड्ड्यात! बेकरीत नवी भट्टी बसतेय, तोवर गाडी रिकामी. मालकांना विचारलंय. म्हणाले, ने, पण धुऊन आण."

कवळीवाल्याच्या आईला हे काही पटेना. "पोहता येतं ना तुम्हाला? मग पाण्यावर उभं कशाला राहायचंय?" तिने विचारलं. पाववाल्याने तिला मासिकातला फोटो दाखवला. तिने मग कपाळाला हात लावला आणि तांदूळ, अंडी, मिठाची पुडी बांधून दिली.

गाडीच्या टपावर दोन जुन्या, ठिगळं लावलेल्या सर्फिंगच्या फळ्या दोरीने बांधल्या आणि ते निघाले. रस्ता समुद्राला धरून जायचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्येच एखादं वळण असं यायचं, की सगळा समुद्र एकदम अंगावर आल्यासारखा वाटे. गाडीला पावाचा वास इतका मुरला होता, की ती थांबली रे थांबली की कावळे जमायचे. पाववाला गाणी म्हणायचा, तीही अर्धवट, कारण पुढचे शब्द त्याला कधीच येत नसत. तंबू उभा करायला दोघांनाही येत नव्हतं. पहिल्या मुक्कामाला तंबू झोपेत अंगावर पडला आणि पाववाला त्याच्याखाली तसाच घोरत राहिला.

लाटांवर तर पार फजिती. फळीवर पोटावर झोपायचं, लाट मागून आली की हातांनी पाणी मारायचं आणि झटकन उभं राहायचं, एवढंच तर करायचं होतं. पण दोघे उभे राहण्याआधीच उलटे. नाकातोंडात खारं पाणी, गुडघे सोललेले.

असेच एका लहानशा किनाऱ्यावर आपटत असताना वाळूवरून कुणीतरी खदखदून हसलं. एक उघडाबंब म्हातारा होता, उन्हाने तांबूस झालेला. जन्मभर त्याने खाडीतून माणसं नेणारी होडी चालवली होती, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत.

"पोरांनो, लाटेशी भांडताय कशाला?" तो म्हणाला. "ती आली की तिच्याबरोबर निघायचं. आणि पायांकडे बघू नका, पाय कुठे पळून जात नाहीत."

म्हाताऱ्याने स्वतःची फळी काढली आणि पाण्यात शिरला. दोघे बघतच राहिले. सत्तरीचा माणूस, पण लाटेवर असा उभा राहिला जणू बसथांब्यावर उभा आहे. मग त्याला जोर चढला. "आता हे बघा!" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात बाजूची लाट थेट तोंडावर आली. तो पडला, वर आला आणि तोंडावर हात धरून तसाच उभा राहिला.

कवळी गेली होती.

तिघांनी पाणी ढवळून काढलं. पाववाला बुडी मारून वर यायचा आणि प्रत्येक वेळी विजयाने ओरडायचा. त्याच्या हातात दर वेळी शिंपला निघायचा. शेवटी कप्तान टॉवेल तोंडावर धरून घरी निघाला, दोघेही त्याच्या मागोमाग गेले. वाळूच्या टेकाडामागे दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या बायकोने, म्हणजे आजींनी, त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते न सांगताच ओळखलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता घरात जरा शांतता."

पण जेवताना त्या हसल्या नाहीत. कप्तान पाठ फिरवून चहात बुडवलेला पाव चघळत होता. सकाळी पाण्यावर दिमाखात उभा असलेला माणूस एकदम पिचून गेलेला दिसत होता. कवळीवाल्याने ताट बाजूला सारलं. त्याने कितीतरी कवळ्या केल्या होत्या, पण कवळी नसली म्हणजे माणसाचं काय होतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"आजोबा, मी करून देतो," तो म्हणाला. "माझं कामच ते आहे."

कप्तानने टॉवेलाआडून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा पोरगा थट्टा करतोय. पाववाला लगेच पुढे सरसावला. "अहो, खरंच! याच्यासारखा दात काढणारा... नाही, घालणारा... तसं नाही, करणारा सापडायचा नाही तुम्हाला."

जवळच्या गावात दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पाववाल्याने कप्तानला गाडीत घालून तिकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माप मी घेते. माझा कवळ्यांचा कारागीर बहिणीच्या लग्नाला गेलाय. त्याची खोली वापरा. फक्त जागच्या वस्तू जागी ठेवा, तो फार खवट आहे." माप घेताना त्यांनी कवळीवाल्याला शेजारी उभं राहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मधल्या दाराच्या अलीकडे, माणसांच्या बाजूला होता.

सकाळी मित्राबरोबर लाटांमध्ये आपटायचं आणि दुपारी त्या परक्या खोलीत बसून मेणात दात बसवायचे, असे दिवस जाऊ लागले. भट्टी आतापर्यंत बसली असेल, मालक ओरडतील, असं कवळीवाला म्हणायचा. "ओरडू दे," पाववाला म्हणायचा, "त्यांना ओरडायला आवडतं."

मेणातले दात तोंडात घालून बघायची वेळ आली तेव्हा आजीही आल्या. दात सरळ, एकसारखे, अगदी सुबक बसले होते. आजींनी जवळ येऊन बघितलं.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. पण मन भरलेलं दिसेना.

"काही चुकलंय का, आजी?"

"चुकलं नाही रे. यांचा पुढचा एक दात जरा तिरका होता. लग्न झालं तेव्हाचं सांगतेय. आधीच्या कवळीतही नव्हता तो. जाऊ दे, उगीच आपलं म्हटलं."

कप्तान लाजला. कवळीवाल्याने सुरी ज्योतीवर धरली आणि एका दाताखालचं मेण मऊ केलं. "कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं. आजींनी स्वतःच्या दातावर बोट ठेवून दाखवलं. "इकडे. थोडा अजून. बस, बस!"

तयार कवळी घालून कप्तानने पहिल्यांदा सफरचंद खाल्लं. कडकन तोडलेल्या घासाचा आवाज ऐकून पाववाल्याने टाळ्या पिटल्या. मग कप्तान बायकोकडे बघून हसला. आजींनी पदर तोंडाला लावला, "इश्श, बघा तर," एवढंच म्हणाल्या आणि उगीचच आत जाऊन भांडी आवरू लागल्या. कवळीवाला अंगणात जाऊन उभा राहिला. त्यालाही डोळे पुसायचे होते.

दुसऱ्या दिवशी कप्तान कमरेइतक्या पाण्यात कवळीवाल्याच्या फळीशेजारी उभा राहिला. "आता... नाही, ही जाऊ दे... आता!" म्हणत त्याने फळी ढकलली. कवळीवाला उभा राहिला. पायांकडे बघितलं नाही. खाली काहीतरी जिवंत, मोठं, वाहतं होतं आणि ते त्याला किनाऱ्याकडे घेऊन निघालं होतं. वाळूवर पाववाला वेड्यासारखा नाचत होता. तो स्वतः त्या सगळ्या प्रवासात एकदाही उभा राहू शकला नाही. पण त्या दिवशी त्याच्यापेक्षा खूश माणूस किनाऱ्यावर नव्हता.

परत आल्यावर कवळीवाल्याने आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की यापुढे कवळी देताना मला तिथे थांबू द्या. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, पण ते हो म्हणाले. त्यानंतर तो प्रत्येकाला एकदा बघून घ्यायचा, बोलतं करायचा, घरच्यांना विचारायचा. काही जण म्हणत, याचे दात तोंडात परके वाटत नाहीत. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, केस खरोखरच पांढरे झाले. कप्तानकडे पुन्हा एकदा तरी जायचं असं दोघे दोस्त दर वर्षी ठरवत. मग कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कधी कामाची गर्दी. पुढे बेकरी बंद झाली. पाववाला मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला. कप्तान गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं.

मागच्या थंडीत पाववाला राहायला आला होता. चालताना आता गुडघे धरायचा, आवाज मात्र तोच. दोघे गच्चीत उन्हाला बसले होते आणि बोलता बोलता भांडण निघालं.

"लाटेवर मी चांगला लांबपर्यंत गेलो होतो," कवळीवाला म्हणाला.

"लांबपर्यंत? लेका, मी शिंकलो तेवढ्यात तू पडलास."

"तू नाचत होतास, तुला काय दिसलं?"

"मी नाचत होतो म्हणूनच सगळं दिसलं."

कवळीवाल्याची बायको चहा घेऊन वर आली. "अहो, तुम्ही दोघे कुठल्या गोष्टीवरून ओरडताय? खाली सगळ्यांना ऐकू जातंय."

"वहिनी, तुम्हीच निवाडा करा," पाववाला म्हणाला आणि त्याने सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली. कवळीवाल्याने चहाचा कप हातात घेतला. डोळे मिटून, ऊन अंगावर घेत तो ऐकत राहिला. दोस्त सांगताना पुष्कळ चुका करत होता, पण त्याला एकही सुधारावीशी वाटली नाही.