आबांनी सोडलेली पाळी

पुण्याहून सकाळची डेमू रेल्वे पकडली, तेव्हा मांडीवर जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं दिसणारं यंत्र होतं. लोक वळून वळून बघत होते आणि मला त्याची गंमतच वाटत होती. दौंडला उतरले, स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि भीमा ओलांडून जाणारी इनामगावची जीप धरली. दुतर्फा ऊस, मधूनच कांद्याचे वाफे. शेजारी गावातलेच एक आप्पा बसले होते. इथं घोड नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडल्यापासून, यंत्र घेऊन येणारा माणूस जमीनच उकरणार असं गावानं धरलेलं आहे.

"परत खोदायला आलात व्हय?"

"नाही आप्पा, या खेपेला वर बघायचंय."

मग सांगितलं. फार लांबच्या दीर्घिकेतून रेडिओ लहरींचा झोत येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. बहुतेक झोत एकदाच दिसतात. आम्ही अभ्यासतो तो मात्र पुन्हा पुन्हा येतो. प्रचंड चुंबकीय ताकदीचा एखादा मेलेला तारा तो सोडत असावा, असा संशय आहे. त्याच क्षणी तिथून क्ष-किरणही आले, तर संशयाला बळ मिळेल. त्या दुपारी एक उपग्रह क्ष-किरण बघायला तिकडे वळणार होता आणि इनामगावच्या माळावर आम्ही लावलेल्या छोट्या अँटेना खालून रेडिओ लहरी ऐकणार होत्या. उपग्रहाची ही वेळ मोठ्या मिनतवारीनं मिळालेली.

"बरं हाय," म्हणून आप्पांनी डोळे मिटले.

अडचण एकच होती. जवळच्या कुठल्या तरी मोटरीच्या (पाण्याच्या पंपाच्या) स्टार्टरमध्ये ठिणग्या उडत आणि त्यांची खरखर आमच्या अँटेनांत शिरे. खरखर कुठून येते ते दाखवणारं हातातलं यंत्र रोखत बांधाबांधानं निघाले, पाटात पाय घालून चप्पल चिखलात रुतवली, आणि शेवटी आबा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पोचले. आबांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस आणि कांदा.

दुपारभर मोटर बंद ठेवाल का, असं विचारलं. आबांनी उसाकडे बोट केलं.

"ताई, दिवसाच्या लायटीचा आज शेवट. आज रातपास्नं रातची पाळी. आत्ता पाणी ऱ्हायलं तर रातीच द्यावं लागंल. आन् उसात बिबट्या हाय म्हणत्यात."

(लाईट म्हणजे शेतीची वीज. ती एक आठवडा दिवसा मिळते, एक आठवडा रात्री.) कुठल्या तरी ताऱ्यासाठी या माणसाला अंधारात उसात पाठवायचं? मी उठले, तर त्यांनी जेवायला बसवलं. हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी. मी यथेच्छ जेवले.

"त्यो उपग्रह पुन्हा कवा वळंल?" आबांनी विचारलं.

"काही सांगता येत नाही."

"म्हंजी त्याची बी पाळीच. मंग करतो बंद."

मी माळावर आले, तोवर खरखर थांबली होती. तेवढ्यात वीज जाऊन परत आली आणि खरखर पुन्हा सुरू! इथल्या मोटरींना ऑटो स्विच असतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते. आबांनी मोटर बंद केली होती, ऑटो काढायचं विसरले होते. धापा टाकत विहिरीवर पोचले, तर आबा फ्यूज उपटून उभे.

"सवयीनं घात केला बघा!"

आम्ही दोघंही हसलो. उपग्रह वळायला अजून अवकाश होता. आबा फ्यूज टोपीत ठेवून लिंबाखाली आडवे झाले आणि आमची दुपार स्वच्छ गेली.

मुक्काम दौंडच्या रेल्वे कॉलनीत, मावसबहिणीकडे केला. सकाळी सहकाऱ्याचा निरोप आला: रेडिओ झोत दोनदा सापडला, क्ष-किरणांत त्या क्षणी काहीच नाही. मला फार वाईट वाटलं, त्याहून जास्त आबांचं. फलाटावरून त्यांना फोन लावला.

"आबा, तुमची पाळी फुकट घालवली. आम्हाला तिथं काही दिसलं नाही."

"फुकट कशी? रातच्याला मी आन् पोरगं, आम्ही बी बॅटरी मारून समदा ऊस बघितला. बिबट्या न्हाई. तवा कुठं निवांत पाणी सोडलं."

डेमू आली. खिडकीपाशी बसून सहकाऱ्याला पाठवायची क्ष-किरणांची नोंद लिहायला घेतली. आधी लिहिलं, 'काही सापडलं नाही.' मग ते खोडलं आणि लिहिलं, 'नीट बघितलं. तिथं नाही.'