मायच्या गळ्यातलं आयोडीन

बारावीला अणूचं प्रकरण शिकवायचं म्हटलं की एरवी मला हुरूप येतो. त्या आठवड्यात मात्र फळ्यासमोर उभी होते तरी पाय दाराकडं ओढ घेत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या मायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती, आणि मेडशीच्या आमच्या दोन खोल्यांत तिच्यासोबत माझी सात महिन्यांची गरोदर धाकटी बहीण होती. मी इकडं रिसोडच्या कॉलेजात. तिकडं त्या दोघी एकमेकींपासून लांब बसल्यात की मांडीला मांडी लावून, कोणाला ठाऊक!

मायचं थायरॉईड वर्षभर पिसाळलं होतं. छातीत धडधड, हाताला कापरं, अंगावरचं लुगडं ढिलं. गोळीतलं आयोडीन थायरॉईड ओढून घेतं, आणि तिथं बसून ते नको तितकं काम करणाऱ्या पेशी जाळतं. इलाज साधा आहे, पण काही दिवस माणसाच्या अंगातून किरण निघत राहतात. म्हणून ताट-पेला वेगळा, अंथरूण वेगळं, आणि गरोदर बाई लांब. बहीण खरं तर सासरीच थांबणार होती. मायच्या आजारपणाचं ऐकलं आणि बाईसाहेब न सांगता पिशवी घेऊन हजर! पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, म्हणे. परत जा म्हटलं तर रडारड.

मायला घरी आणलं त्या संध्याकाळी मी स्टीलचं एक ताट अन् पेला घेतला, कडेला नेलपॉलिशची लाल खूण केली आणि बाहेरच्या खोलीत तिच्या खाटेपाशी ठेवला. मला वाटलं, झालं काम. माय त्या खुणेकडं बघतच राहिली.

"हे काय हाय वं?"

"तुहं ताट. काही दिवस वेगळं जेवाचं. डॉक्टरनं सांगतलं ना."

"वेगळं ताट? माह्याच घरात?"

तिनं पायानं ते ताट खाटेखाली सारलं. मग म्हणाली, लहानपणी ती आईबापासोबत ज्यांच्या वावरात निंदायला जायची, त्यांच्या गोठ्याच्या भिंतीत यांच्यासाठी एक कपबशी खोचलेली असायची. कान तुटलेली. चहा प्यायचा, आपणच धुवायची, आपणच पुन्हा खोचायची. घरानं धम्म घेतला तरी गोठ्यातली कपबशी हलली नव्हती.

"माह्या बापानं ते काम सोडलं, उपास काढले, पण मले त्या कपात पुन्हा चा पिऊ देल्ला नाई. अन् माही शिकलेली पोरगी मले खूण करून ताट देते!"

मी भडकले. भडकायला मला वेळ लागतच नाही. "माय, ते येगळं अन् हे येगळं! हे फिजिक्स हाय!"

"तवाबी ते काहीतरी शास्तरच सांगत," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर ही बया बहिणीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावत होती. मी ओरडले. दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मीच वेडी. एका दिवसानं आभाळ कोसळत नाही, हे मला माहीत होतं. पण रोज असंच चाललं तर? वाटेत मालेगावला गाडी बदलताना मी उभ्या उभ्याच येरझारा घालत होते.

वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अस्थिर अणू म्हणजे नासका असते काय?"

"नासका कायचा!" मी एवढ्या जोरात म्हणाले की पोरी दचकल्या. मग मलाच लाज वाटली आणि नीट सांगितलं. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. या आयोडीनमध्ये त्रेपन्न प्रोटॉन असतात, पण न्यूट्रॉन जरा जास्तच भरलेले. मेळ बसत नाही. मग एखाद्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो, पाठोपाठ गॅमा किरण, आणि मागं उरतं ते झेनॉन. शांत. आठ दिवसांत अर्धे अणू असे होतात, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यांतले अर्धे. कोणता अणू कधी बदलेल, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

मग मी अंतराचा नियम काढला. फळ्यावर डावीकडं स्रोत, उजवीकडं माणूस, मध्ये रेघ. अंतर दुप्पट, तर किरणांचा मारा चौथाई. खडू हातात तसाच राहिला. त्या सूत्रात अंतर होतं, पण कोणी सरकायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी इतके दिवस हे शिकवते आहे, अन् सरकवायला मला मायच दिसली!

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी मेडशी गाठली. अंगणापलीकडं चुलत काकूची खोली रिकामीच होती, किल्ली आमच्याकडं. बहिणीचं बोचकं उचललं, माझी गादी उचलली आणि मायला दुरूनच सांगितलं, "हे घर तुहं. चूल तुही, सारी भांडी तुही. आमी तिकडं राह्यतो, पत्रावळीवर जेवतो."

"तुमी काहून चालल्या?"

"अंतर दोघींतलं असते, माय. तू सरकली काय अन् आमी सरकलो काय, हिशेब एकच."

बहीण बडबडत होती. "सातव्या महिन्यात मले माहेरातून काढून राह्यली! सासरी काय सांगू?"

"सांग, बहीण डोक्यावर पडली हाय."

संध्याकाळी आम्ही दोघी अंगणाच्या पलीकडच्या कडेला पत्रावळ्या मांडून बसलो. तुरीच्या डाळीचं वरण अन् वांग्याची भाजी, काकूच्या चुलीवर मीच केलेली, म्हणजे यथातथाच. माय आपलं रोजचं ताट वाढून घेऊन दारात येऊन बसली. तिला तशी एकटी बसलेली पाहून बहिणीला राहवलं नाही. भाजीचा द्रोण घेऊन ती उठलीच, पोट सांभाळत तरातरा दाराकडं निघाली.

"थांब!"

मायचा आवाज असा की शेजारचं कुत्रंही उठलं. बहीण जागच्या जागी. माय ताट ठेवून उठली, काटकी घेतली आणि मागं मागं सरकणाऱ्या बहिणीला हातानं आणखी लांब हाकलत अंगणाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मातीत रेघ ओढली.

"याच्या इकडं पाय टाकशीन तर तंगडं मोडीन. लेकराचा जीव हाय पोटात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ही रेघ म्या मारली हाय. मले कोनं मारून नाई देल्ली. ध्यानात ठेव."

ती दारात जाऊन जेवायला बसली. घरी आणल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवत होती. मला रडू आवरेना.

"काहून रडून राह्यली वं?" माय तिकडून ओरडली. "भाजी एवढी बिघडली काय?"